तिसरं पिस्तूल

"लहान पाहिजे. पण दणका मोठ्याचा पाहिजे," हार्लन म्हणाला आणि घसरणारी पँट त्यानं पुन्हा वर ओढली.

रॉइसच्या बंदुकांच्या दुकानात पाऊल ठेवल्यापासून हे चौथ्यांदा सांगून झालं होतं. रॉइसच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी तीनदा. रॉइस बिचारा भला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देत राहिला. हार्लनची मुलगी डार्ला शेजारीच उभी होती. तिनं दोन्ही हात काउंटरच्या काचेवर ठेवले होते.

"बरोबर आहे, डेप्युटीसाहेब," रॉइस म्हणाला. हार्लनला शेरीफच्या कचेरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण गाव अजून त्याला डेप्युटीच म्हणतं. "हे एवढं धूड कमरेला लावून कशाला हिंडायचं? अंगावर मांस कुठं राहिलंय तुमच्या?"

"मांस नाही, जीभ आहे. दाखव माल."

ते धूड म्हणजे हार्लनचं जुनं पिस्तूल. चाळीस वर्षं ते त्याच्या कमरेला होतं. न्हाव्याकडे, चर्चमध्ये, बायकोच्या दफनालासुद्धा. गेल्या मंगळवारी डार्ला मक्याचा पाव घेऊन मागच्या दारानं आत आली, तर तेच पिस्तूल तिच्या छातीवर रोखलेलं. "कोण तू?" हार्लननं विचारलं. मग ओळख पटली, तसा निवांत बसून त्यानं पाव खाल्ला आणि वाऱ्यापावसाचं बोलत बसला. झालं ते त्याच्या गावीही नाही, असं डार्लाला वाटलं. त्या दिवसापासून ती अंगणातूनच ओरडत येते. डॅडी, मी डार्ला. डॅडी, मी डार्ला.

पिस्तूल लपवूनही पाहिलं. म्हाताऱ्यानं घर पालथं घातलं, चोरी झाली म्हणून कचेरीत फोन केला आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. शेवटी डार्लानं रॉइसला गाठलं आणि दोघांनी हा घाट घातला. पहिलं दाखवलेलं हत्यार हार्लननं जन्मात घेतलं नव्हतं, म्हणून तीन मांडायची. एक जड. एक इतकं कडक की म्हाताऱ्या बोटांना वरचा भाग मागे ओढता येऊ नये. आणि तिसरं खिशात मावणारं, लोण्यासारखं सरकणारं. फक्त गोळीच्या बुडावर आपटते ती आतली पिन रॉइसनं काढून ठेवलेली.

रॉइसनं पहिलं पिस्तूल उघडून, रिकामं असल्याचं दाखवून त्याच्या हातात दिलं. हार्लननं आत करंगळी घालून स्वतः पुन्हा खात्री केली. मग हात लांबवून रॉइसच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. रॉइसचा चेहरा उतरला. डार्लाला काही कळेना.

हार्लननं नळी छताकडे धरली, पेन्सिल रबराच्या बाजूनं आत सोडली आणि चाप ओढला. खट्. पेन्सिल उडून छताला लागली आणि काउंटरवर पडली.

"पिन आपटते की नाही, ते असं बघायचं," तो डार्लाला समजावून सांगू लागला. "नव्या भरतीच्या पोरांना मीच शिकवायचो हे. हा रॉइससुद्धा त्यातलाच. पण जड आहे बुवा हे."

दुसऱ्याचा वरचा भाग मागे ओढताना त्याच्या कपाळावरची शीर फुगली. पण ओढलं त्यानं. खट्. पेन्सिल पुन्हा छताला लागली.

"हे चांगलंय," हार्लन म्हणाला.

डार्लानं रॉइसकडे पाहिलं. हे घेतलं तर गोळी खरी सुटणार. तिसरं हातात घेतलं तर चोरी पकडली जाणार. "तिसरं बघा ना, डॅडी," एवढंच तिला बोलता आलं.

तिसरं त्यानं खिशात घालून पाहिलं, काढून पाहिलं, मान डोलावली. मग पेन्सिल आत सोडली. खट्.

पेन्सिल जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा चाप ओढला. पेन्सिल तशीच. हार्लन पेन्सिलीकडे बघत राहिला. मग त्यानं रॉइसकडे पाहिलं. रॉइस फडक्यानं स्वच्छ काच पुसत होता. मग डार्लाकडे पाहिलं. तिनं नजर काचेकडे वळवली.

"विसरलास काय रे, मी शिकवलेलं?" हार्लननं रॉइसला विचारलं.

"नाही, साहेब. मला वाटलं..."

"तुला वाटलं, मी विसरलो."

हार्लननं पेन्सिल काढून रॉइसच्या कानावर परत ठेवली.

"तुला कुठलं आवडलं, पोरी?"

"तिसरं," डार्ला कशीबशी म्हणाली.

"मलाही."

कमरेचं जुनं पिस्तूल काढून त्यानं रिकामं केलं आणि काचेवर ठेवलं. हात मात्र बराच वेळ त्याच्यावरच होता.

"हे तुझ्याकडे ठेव, रॉइस. मी मागायला येईन. शिव्या देईन, तुला चोर म्हणेन. तरी द्यायचं नाही."

"होय, साहेब," रॉइस म्हणाला. त्याला मान वर करवली नाही.

बाहेर पिकअपमध्ये बसल्यावर हार्लननं नवं पिस्तूल खिशात नीट सरकवलं आणि खिसा वरून थोपटला. डार्लानं किल्ली फिरवली.

"आता अंगणातनं ओरडत येत जाऊ नकोस," समोर बघत तो म्हणाला. "सरळ आत ये."