नव्या फ्रीजचे आवाज

सकाळी नवा फ्रीज घरात आला आणि सूनबाई त्याची माहितीपुस्तिका घेऊन अशी बसली, जणू उद्या तिची तोंडी परीक्षाच आहे. "मला काहीतरी मोठं झालंय" म्हणत महिनाभर घर डोक्यावर घेणारे सासरे आज मात्र फ्रीजला खेटून, खुर्चीत, पेपरआड गप्प होते.

एवढ्यात त्या कोपऱ्यातून गुडगुड ऐकू आली. सासूबाई दचकल्या.

"आत गॅस फिरतो, आई. नॉर्मल आहे," सून पान उलटत म्हणाली.

थोड्या वेळाने 'कट्ट' झालं. "थंडीने भाग आकसतात. नॉर्मल." जेवणं झाल्यावर तर घुर्र घुर्र सुरू झालं. "हा कॉम्प्रेसर. घाबरायचं कारण नाही, कुणाला दाखवायचीही गरज नाही, असं छापलंय इथे." दार सारखं उघडू नये, असंही छापलं होतं, म्हणून कुणी ते उघडलंच नाही.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि फ्रीजमागे वाकला. "अगं, चार तास नुसता उभा ठेवून मग पिन लावायची होती ना? ती तर अजून टेपने चिकटवलेलीच आहे."

सगळ्यांच्या माना हळूहळू खुर्चीकडे वळल्या.

 

सासरे गुडघ्यातून 'कट्ट' करत उठले आणि म्हणाले, "उद्याची डॉक्टरांची वेळ मी दुपारीच रद्द केली. सूनबाईइतकं नीट समजावून कुठला डॉक्टर सांगतो?"