सुझुराचं पायताण

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा, एक गोड आख्यान ऐका.

जपानी कार्टूनमधली तलवारवाली सुझुरा चाहत्यांनी काढलेल्या तिच्या चित्रांतून नवं काही शिकायची आणि पडद्यावर तसंच करायची. लढाईआधी पायताण काढून ठेवायला तिला कोल्हापूरच्या चारुलतानं शिकवलं. चारूचे बाबा कीर्तनाला उभे राहताना पायताण काढत, म्हणून तिची सुझुराही काढायची. गेल्या साली चारू गेली. शिकवलेल्या गोष्टीचं चित्र वर्षभरात कुणी पुन्हा काढलं नाही, तर ती सुझुराच्या मनातून पुसली जाई, आणि आज वर्ष संपत होतं.

म्हणून चारूची आई वसुधाताई मंगा मेळ्यात, म्हणजे जपानी चित्रकथांच्या चाहत्यांच्या जत्रेत, आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढायला बसल्या.

"मावशी, ही होडी का?" निळ्या केसांची पोरगी हसली.

"पायताण आहे गं. माझ्या चारूनं सुबक काढलं असतं."

पोरीचं हसू मावळलं. "पायताणवाली चारूताई तुमची? मग थांबा, दुसऱ्या पायाचं मी काढते."

संध्याकाळी पडद्यावर सुझुरा आली. लढाईआधी ती वाकली आणि तिनं पायताण काढून नीट जोडीनं ठेवलं, एक सुबक, एक होडीसारखं. वसुधाताईंचे हात आपसूक जुळले.

मंडळी, ती अनवाणी लढताना दिसली, की आमच्या चारूची आठवण काढा.