हिराचं पान

बापाच्या पानावर कावळे केव्हाच तुटून पडले होते. हिराच्या पानाला मात्र यंदाही एक शिवेना.

शालिकराम हात जोडून भिंतीकडे बघत होता. हिरा, त्याची बहीण, गाण्याच्या नादावरून त्याच्याशी भांडून घरातून गेली, ती आठवड्यानं शिवनाथ नदीत सापडली. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. हिरवं लुगडं पाहून त्यानंच "आमचीच हाये" म्हटलं अन् अग्नी दिला. तेव्हापासून दर पितृपक्षात हे असं. पोरीचा जीव कशात अडकला, या घोरानं सिंधुताई, त्याची माय, पार खंगली होती.

तेवढ्यात शेजारच्या नत्थूनं ग्रामोफोन लावला. पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेतं का! पण नत्थूचं सगळंच जगावेगळं. सुपेल्याच्या बाजारातून त्यानं स्वस्तातली तबकडी आणली होती. गाणं यंदाच्याच सिनेमातलं, साऱ्या भिलाईच्या तोंडी बसलेलं. आवाज मात्र खऱ्या गाणारणीचा नव्हता, कोणा नक्कल करणारीचा होता. वरचा सूर घ्यायच्या आधी ती घशात बारीकसं 'हं' करायची.

शालिकरामचे जोडलेले हात सुटले. हिरा अस्संच करायची. तो धावत गेला, तबकडी हातात घेऊन पाहिली. गाणारणीचं नावच नव्हतं. तीन वर्षांमागं जाळलेली पोर यंदाचं गाणं कसं म्हणेल?

नत्थूनं तबकडी पुन्हा लावली. माय दाराशी येऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"जित्ती हाये माही हिरा," ती म्हणाली. डोळे वाहत होते अन् तोंडावर हसू होतं. मग ते हसू हळूहळू मावळलं.

"शालिक, मंग आपण जाळलं कोणाले?"

तेव्हा पोलादाच्या प्लांटच्या बांधकामावर मुलखामुलखाच्या बाया माती वाहायला आल्या होत्या. त्यातली एखादी परतली नाही, तर विचारणार कोण होतं?

सिंधुताईनं हिराचं पान उचलून गाईपुढं टाकलं. दुसरं पान वाढलं आणि भिंतीवर ठेवलं.

"तू जे कोणी असशील, बाई," ती म्हणाली, "जेव आता. लय उपाशी ठेवलं तुले."

तिचा हात पानावरून निघायच्या आधीच कावळा येऊन बसला होता.