आधी झेंडी

मल्लिनाथनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि मनस्विनी मॅडमच्या कपाळाला आठी पडली. परीक्षेआधीच पेढे! उदगीरच्या या रेल्वे ऑफिसात साइट सुपरवायझरांची परीक्षा त्याच घेत. त्यांची सही असल्याशिवाय रुळाजवळ माणसं घेऊन काम करायची कुणाला मुभा नव्हती. मागच्या खेपेला याच मल्लिनाथला त्यांनी नापास केलं होतं.

"उचला तो पुडा. नाहीतर आजही नापास समजा."

गडी जागचा हलला नाही. "आजचे न्हाईत हे, म्याडम. मागच्या टायमाचे हायत."

"मागच्या वेळी तर तुम्ही नापास झालात!"

"हाव. त्याचेच."

मॅडमना सगळं आठवलं. गाडी येतेय आणि रुळावर पहार राहिलीय, काय कराल, असं त्यांनी विचारलं होतं. हा पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, पळत जाऊन उचलीन! "आधी लाल झेंडी. गाडी थांबवा. पहार मग," असं सुनावून त्यांनी त्याला घरी धाडलं. नंतर चहाच्या गाड्यावर त्यानं त्यांचा केलेला उद्धारही त्यांच्या कानावर आला होता.

"लई शिव्या घातल्या तुमाला," मल्लिनाथ म्हणाला. "सुपरवायझरकी हुकली. ठेकेदारानं झेंडी दिली अन् वळणावर उभं केलं. मागल्या महिन्यात कामावरल्या एका बाईचा पाय रुळाच्या खाचेत अडकला. तेवढ्यात गाडी दिसली. माझे पाय तिच्याकडंच वळले बघा. पण तुमचं बोलणं कानात घुमलं. तिच्याकडं पाठ केली अन् झेंडी हलवत गाडीकडं पळत सुटलो. ती मागून 'अवो, अवो' म्हणून हाका मारत व्हती. म्या वळून बघितलं न्हाई." त्यानं पुडा मॅडमकडं सरकवला. "थांबली गाडी, म्याडम. पास झालो असतो तर त्या दिवशी मी सुपरवायझर म्हणून लातूरच्या साइटवर असतो."

मॅडमनी पुड्यावर हात ठेवला. "आणि ती बाई?"

दाराआडून एक बाई लंगडत आत आली. पायाला अजून पट्टी होती. तिनं पुडा सोडला आणि एक पेढा मॅडमच्या हातावर ठेवला.

"मी शिवगंगा, ह्यांची बायको. तुमी ह्यास्नी नापास केलं म्हणून मी हाय, ताई."