गोटमारीनंतरचा डबा

त्र्याऐंशी सालच्या गोटमारीत पांढुर्णा आणि सावरगाव रीतीप्रमाणे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकत होते. संध्याकाळी पांढुर्ण्याचा देवीदास डोकं फुटून दवाखान्यात पडला, आणि शेजारच्या खाटेवर हात मोडलेला त्याचा साळा, सावरगावचा सुखदेव.

देवीदासची बायको पुष्पा डबा घेऊन आली ती थेट भावाजवळ बसली आणि त्याला भरवू लागली. लग्नातला घास सोडला तर तिनं नवऱ्याला कधी भरवलं नव्हतं. देवीदासचा नुसता जळफळाट झाला.

"नवरा उपाशी पडून हाये, अन् तू भावाले भरवून राहिली?"

"त्याचा हात माह्या नवऱ्यानं मोडला, मंग भरवन कोण?"

"अन् माहा डबा?"



"तुमचा डबा वहिनी आणून राहिली. तुमचं डोकं तिच्या नवऱ्यानं फोडलं ना!"