न सापडणारे पाय

देशभरची मैदाने गाजवून आलेले गुरुसिद्धप्पा भवानी पेठेत तरुणांना कबड्डी शिकवू लागले, त्यालाही बारा वर्षे लोटली होती. परंतु त्यांच्या पायांवर मस्तक ठेवण्याचे भाग्य एकाही शिष्याला लाभले नव्हते. प्रतिस्पर्धी घोटा धरायला वाकला की क्षणार्धात मागे सरायचे, हे वळण त्या पायांच्या हाडीमासी भिनले होते. त्यामुळे कोणी नमस्काराला वाकला, तरी पाय आपोआप मागे जात. आप्पा ओशाळून म्हणत, "पकडा की लेको! ज्याला गावतील, त्याला आशीर्वाद."

शहात्तर सालच्या चैत्रात, यंत्रमागावर चादरी विणणारा त्यांचा शिष्य अंबादास धापा टाकीत त्यांच्या दारी आला.

"आप्पा, भारताच्या संघात नाव लागलं की माझं! उद्याच निघायचंय."

एवढे बोलून तो वाकला. त्याचे हात पावलांना लागले, मागोमाग कपाळही लागले.

"गावले! आप्पा, गावले की पाय!" तो लहान मुलासारखा ओरडला.

आप्पांनी हात त्याच्या मस्तकावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

तो गेल्यावर त्यांच्या पत्नी नीलम्मा हसत म्हणाल्या, "मुद्दामच धरू दिलं व्हय? खरं सांगा की."

"न्हाय गं," धोतराच्या सोग्याने डोळे पुशीत आप्पा म्हणाले, "त्यानं संघाचं सांगितलं, आणि मला पाय हायेत, हेच मी विसरलो."