मानेपासून खाली

तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन थरथरला आणि डब्याचं झाकण किणकिणलं. चैत्राली पाऊल उचललेलं तसंच धरून उभी राहिली. आतल्या खोलीत सासूबाई आणि लेक आभा झोपलेल्या. कुणी हललं नाही.

फोनच्या चौकटीत ती मानेपासून खालीच मावत होती. हिरवी साडी, कोलकात्यातल्या बालीगंजच्या जुन्या घराची लाल गुळगुळीत जमीन, ढोलकीवर पडणारी पावलं. ती टाकायची त्या व्हिडिओंत चेहरा कधीच नसायचा. सासूबाईंना कळलं की नवऱ्याला, अनीशला कळणार, आणि मग आधी हसत, नंतर न हसता हे बंद होणार.

ती पुन्हा सुरू करणार तोच बेल वाजली. साडी वॉशिंग मशीनमध्ये कोंबून, गाऊन अडकवून तिने दार उघडलं.

वरच्या मजल्यावरची टितली आणि तिची मैत्रीण. "काकीमा," टितली हिंदीत म्हणाली, "पाच मिनिटं तुमची खोली द्याल? तुमची जमीन सेम हिच्यासारखी आहे. आमच्याकडे बाबांनी मार्बल घातलंय." तिने फोन पुढे धरला. हिरवी साडी नाचत होती.

बेलच्या आवाजाने सासूबाई, शैलाताई, उठून आल्या. चष्मा चढवून त्यांनी नीट पाहिलं.

"नाचते छान हो. पण तोंड का लपवते? काही व्यंग असेल बिचारीला."

"ती कोण ते कुणालाच माहीत नाही, आजी. सगळे शोधतायत."

चैत्राली स्वयंपाकघरात गेली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर आली. पोरी नाचत होत्या आणि तिसऱ्या ठेक्याला दर वेळी चुकत होत्या. पुन्हा लावलं, पुन्हा चुकल्या. गाऊनखाली तिची टाच आपोआप उचलली जात होती. ती परत आत गेली, फडकं ठेवलं, परत बाहेर.

"आधी टाच," तिच्या तोंडून निघून गेलं. "टाच, मग चवडा. मग थांबायचं. पळत का सुटता?"

तिघी वळल्या.

"तुला गं काय ठाऊक?" शैलाताई म्हणाल्या.

"बघून बघून."

"करून दाखवा ना, काकीमा!"

नको म्हणता म्हणता तिने केलं. एकदाच. टाच, चवडा, आणि तो थांबा. टितली तिच्या पावलांकडे बघत राहिली, मग फोनकडे, मग पुन्हा पावलांकडे.

"चहा उतू जाईल," चैत्राली म्हणाली. गॅसवर काहीच नव्हतं.

दारात आभा उभी होती. पाच वर्षांची, गालावर उशीचे वळ. ती तशीच येऊन फोनपाशी उकिडवी बसली. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू झाला. तिने तो पाहिला, जमिनीवरून हात फिरवला आणि मान वर केली.

"आई, यात तुझं डोकं का नाही?"